बटणावरची निळी टेप

३ जानेवारी

आलो एकदाचा. तीन बॅगा, एक जाडजूड शब्दकोश आणि उजव्या काडीला निळी टेप गुंडाळलेला चष्मा, एवढ्या ऐवजानिशी तिसरा मजला चढलो. धाप लागली, पण ती शब्दकोशामुळे, असं ठरवलं. त्रेपन्नाव्या वर्षी वार्ताहराची बदली होते ती बढती म्हणून की ब्याद टळावी म्हणून, हे संपादकांनी पत्रात संदिग्ध ठेवलं आहे. संदिग्धता हा त्यांना येणारा एकमेव अलंकार.

घर आक्काचं. म्हणजे होतं. माझी थोरली बहीण, माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. एकोणीस नोव्हेंबरला गेली. खुब्याचं ऑपरेशन झालं होतं, त्यातून बरी होत होती, आणि एका संध्याकाळी तिच्या खोलीत अंधारात पडली. टेबलाची कड डोक्याला लागली. त्या आठवड्यात तिच्या मदतीला मी इथेच होतो. हे लिहून ठेवलं, आता पुढे.

भाचा सहा तासांवरच्या शहरात असतो. माझ्या बदलीचं कळल्यावर म्हणाला, मामा, भाड्याची खोली कशाला शोधता, घर बंद राहिलं की मलाच गुदमरल्यासारखं होतं. नाही म्हणायला कारण शोधत होतो, सापडलं नाही. चोवीस वर्षं लोकांना कारणं विचारण्यात गेली, ऐन वेळी स्वतःसाठी एक सुचू नये.

पण घर प्रसन्न आहे. हॉलमध्ये सकाळचं ऊन थेट टेबलावर येतं. स्वयंपाकघरातली चहाची पातेली आक्काने आकारवार लावलेली, तशीच आहेत. माझी खोली मागच्या बाजूची, आक्काची पॅसेजच्या टोकाला. तिचं दार लोटून ठेवलं आहे.

४ जानेवारी

इथल्या दिव्यांविषयी लिहायला हवं, कारण ते माझ्यापेक्षा शिकलेले आहेत. भाच्याचा धंदाच तो: लोकांच्या घरी स्मार्ट बल्ब बसवून देतो. फोनवरून लागतात, मंद होतात, पिवळे-पांढरे होतात. आक्काच्या पलंगाला त्याने बशीएवढं गोल रिमोट बांधून दिलं होतं. दाबलं की दिवा. उठायला नको, धडपडायला नको.

गोम एकच. दिव्याला अक्कल चालवायलाही वीज लागते. भिंतीवरचं बटण कुणी बंद केलं की तो नुसता विझत नाही, बहिरा होतो. मग फोन ओरडो नाहीतर रिमोट, त्याला काही ऐकू जात नाही. म्हणून भाच्याने घरातल्या प्रत्येक बटणावर आडवी निळी टेप लावली होती, आणि प्रत्येक पाहुण्याला बजावलं होतं की भिंतीला हात लावायचा नाही.

आता आमच्या घराण्याची अडचण. आमचे वडील संस्कृतचे मास्तर. त्यांचे दोन नियम: खोलीतून बाहेर पडताना दिवा बंद, आणि चालताना तोंड रिकामं ठेवायचं नाही, एखादं रूप म्हणायचं. परिणामी मी आजही खोलीतून निघालो की ओठांवर नदी नद्यौ नद्यः सुरू होतं आणि हात आपोआप भिंतीकडे जातो. आक्का पलंगावरून म्हणायची, निघाले वाटतं शास्त्रीबुवा, नदीला पूर आला. मी कुठल्या खोलीत आहे ते तिला विभक्तीवरून कळायचं.

७ जानेवारी

कार्यालय म्हणजे औषधाच्या दुकानावरची एक खोली, दोन टेबलं आणि एक प्रमुख, जो मला ‘सर’ म्हणतो आणि माझी वाक्यं अर्धी कापतो. आज पाणीपुरवठ्याच्या सभेला पाठवलं. पोहोचलो तर सभा संपलेली. आपला धंदाच तो: घटना घडून गेल्यावर पोहोचायचं आणि काय झालं ते ठामपणे लिहायचं.

समोरच्या दारात एक निवृत्त परिचारिका राहतात. भाजी निवडत दारातच बसतात, त्यामुळे जिन्यावरची हालचाल त्यांच्या नजरेखालून जाते. म्हणाल्या, तुमची आक्का फार कौतुक करायची हो तुमचं. मी चष्मा पुसला.

८ जानेवारी

आज वायरमन आला. भाच्यानेच पाठवलेला. आई गेल्यावर भाच्याने ठरवलं आहे की ज्या ज्या घरी आपण दिवे लावले तिथली भिंतीवरची बटणं बदलायची, पदरमोड करून. सुरुवात याच घरापासून.

वायरमन चाळिशीतला, बोलका. त्याने बटणामागे काडेपेटीएवढी एक डबी बसवली. दिव्याच्या तारा थेट जोडल्या, म्हणजे वीज कायमची चालू. बटण आता वीज तोडत नाही. दाबलं की फक्त डबीला कळवतं, डबी दिव्याला कळवते. मी म्हटलं, म्हणजे बटणाचाही वार्ताहर झाला, हातात काही नाही, फक्त कळवायचं. तो हसला. म्हणाला, “आता मुद्दाम ठरवलंत तरी दिवा बहिरा होणार नाही काका. मेन पाडलात तरच.” नव्या बटणाला खट असा आवाजही नाही. दाबलं की मऊपणे आत जातं आणि परत जागेवर येतं.

प्रत्येक खोलीतली टेप तो सोलून काढत होता. आक्काच्या खोलीत थांबला. इथली टेप कुणी काढली, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, निघाली असेल. त्याने माझ्याकडे पाहिलं, म्हणजे माझ्या चष्म्याकडे. म्हणाला, काडीला आमचीच टेप लावलीय की, चिवट असते, सुटायची नाही.

मी त्याला चहा दिला. माझा तसाच राहिला.

९ जानेवारी

भाचेसुनेचा फोन. मुलगी मोजून बोलणारी, आज मोजदाद सुटली होती. भाचा झोपत नाही. नवीन कामं घेत नाही. दिव्यांची सगळी नोंद त्याच्या फोनमध्ये राहते. एकोणीस नोव्हेंबरची उघडून बसतो. सहा चाळीसला आईच्या खोलीतला दिवा प्रतिसाद देत नाही. आठ दहाला परत आला. मधला दीड तास बहिरा. बटण तर चालूच होतं, सगळ्यांनी पाहिलं; मग कशामुळे, ते त्याला सापडत नाही, म्हणून त्याने ठरवलं आहे की त्याचंच काही चुकलं. पुढच्या महिन्यात धंदा बंद करून सगळ्या गिऱ्हाइकांना पत्र लिहिणार आहे: माझ्या दिव्याने माझी आई गेली, तुमचे काढून टाका.

मग फोन त्याने घेतला. एवढंच म्हणाला, “मामा, आईने एकोणीस वेळा रिमोट दाबलंय. सगळं मोजलेलं आहे यात.”

तिने परत फोन घेऊन सांगितलं की मामा, तुमचं ऐकतो तो, तुम्ही समजावा, त्याची चूक नाही म्हणून.

मी हो म्हणालो. समजावतो म्हणालो.

१२ जानेवारी

गंमत झाली. जिन्यात परिचारिकाबाई म्हणाल्या, काल संध्याकाळी तुमचं पाठांतर छान चाललं होतं, दारापर्यंत ऐकू येत होतं. मी काल संध्याकाळी साडेसातपर्यंत कार्यालयात होतो. तसं म्हणालो नाही. वयस्कर बाई आहेत, दिवसांची गल्लत होते.

घरी येऊन फोन उघडला. भाच्याने घराचे सगळे दिवे माझ्याही फोनला जोडून दिले आहेत. आक्काच्या खोलीसमोर कालच्या तारखेला नोंद होती: ६:४०, दिवा प्रतिसाद देत नाही. ८:१०, दिवा परत आला.

नवी जोडणी आहे. रुळायला वेळ लागत असेल.

१३ जानेवारी

मुद्दाम सहालाच घरी आलो. हॉलमध्ये वर्तमानपत्र घेऊन बसलो, पॅसेज दिसेल असा. आक्काच्या खोलीतला दिवा फोनवरून लावून ठेवला होता. दाराखाली उजेडाची पट्टी होती.

सहा चाळीसला आधी चपला. सपक सपक, उजवा पाय जरा ओढत. मग पुटपुट. नदीम् नद्यौ नदीः. मग खट. दाराखालची पट्टी गेली.

नव्या बटणाला खट नाही. वायरमननेच सांगितलं आहे.

पॅसेजमध्ये कुणी नव्हतं. चपला जिन्याच्या दाराकडे गेल्या, हॉलमधून, माझ्या खुर्चीला वळसा घालून. माझ्यासारखाच उजवा पाय ओढत. इतकी वर्षं लोक सांगत होते, पाय ओढता तुम्ही. आज ऐकलं.

आक्का आली असती तर मला एवढं वाटलं नसतं. ती रागावली असती, मी पाय धरले असते. आक्का नाही आली.

१४ जानेवारी

सकाळीच भाच्याचा फोन. नोंद त्यालाही दिसते. मामा, परत तेच होतंय, आईच्याच खोलीत, त्याच वेळेला. नवी डबी घालूनही. म्हणजे माझ्या हातातच काहीतरी आहे. त्याच्या बोलण्यात रडणं नव्हतं. असतं तर बरं झालं असतं. एकोणीसला येतो म्हणाला, सगळी भिंत उघडून बघतो.

आता लिहितो. ही वही मी स्वतःपुरती लिहितो, तरी इतके दिवस तिच्यातही बातमीच दिली.

सतरा नोव्हेंबरला माझ्या चष्म्याची काडी मोडली. चिकटवायला काही मिळेना. आक्काच्या खोलीतल्या बटणावर टेप होती. सोलली, काडीला गुंडाळली. आक्का बघत होती. म्हणाली, तुझे भाचेबुवा रागावतील हं. मी म्हटलं, उद्या नवी आणून लावतो. उद्या आणली नाही. परवा एकोणीस तारीख होती.

एकोणीसला संध्याकाळी तिच्या उशाशी पाणी ठेवलं आणि बाहेर पडलो. तोंडात नदी होती. हात भिंतीकडे गेला. माझा.

त्याचा दिवा उत्तम होता. दिवा मी बहिरा केला.

एवढं लिहूनही त्याला फोन केला नाही.

१५ जानेवारी

कालचं अर्धंच आहे. वार्ताहर आहे मी, अर्धी बातमी मला ओळखू येते.

बटण बंद झाल्याचं आक्काच्या लक्षात आलं होतं. मी हॉलपर्यंत पोहोचलो होतो, तेव्हा तिने हाक मारली. “अरे, दिवा गेला बघ.” ऐकलं मी. स्पष्ट ऐकलं. मला खाली जाऊन चहा घ्यायचा होता, संध्याकाळचा अंक बघायचा होता. दिवसभरात तिने पंधरा हाका मारल्या होत्या — उशी, पंखा, पडदा — आणि मी कंटाळलो होतो. म्हणालो, “आलोच गं.”

आणि गेलो. दीड तास गेलो. चहावाल्याकडे कुणीतरी ओळखीचं भेटलं. काय बोललो तेही आता आठवत नाही.

आज सहा चाळीसला कार्यालयातच थांबलो. प्रमुख म्हणाला, सर, तुम्ही काय पुटपुटताय?

मी पुटपुटत नव्हतो. ओठ दाबून बसलो होतो.

१६ जानेवारी

तिसरं. हे सांगायचं नव्हतं.

आठ दहाला परत आलो. खोलीत अंधार. पॅसेजच्या उजेडात तिचा हात दिसला, जमिनीवर. गार होता.

आणि मी आधी काय केलं. परिचारिकाबाईंना हाक नाही. डॉक्टर नाही. आधी उभा राहिलो आणि भिंतीवरचं बटण चालू केलं. खट. दिवा लागला, तिच्या डोळ्यांवर. मग ओरडलो.

सगळ्यांनी लागलेला दिवाच पाहिला. नोंदीत राहिलं: परत आला. आपोआप परत आला असं भाच्याला वाटतं. दोन महिने तो त्या आठ दहाचं कारण शोधतोय, आणि कारण त्याच्या मामाने नाकावर घातलं आहे.

आठ दहाची खटसुद्धा ऐकू येते आता. ती पहिलीपेक्षा हळू असते. चोरटी.

१७ जानेवारी

मेन स्विच पाडून बसलो. घरभर अंधार, मेणबत्ती. वीजच नाही, तर बंद काय होणार.

सहा चाळीसला चपला. पाठांतर. खट.

मेणबत्ती विझली.

परिचारिकाबाईंनी बाहेरून विचारलं, दोघं आहात का घरात, कुणाशी बोलताय? एकटाच आहे म्हणालो. त्या म्हणाल्या, आवाज दोन्ही तुमचेच होते, पण एक हाक मारत होता, आणि दुसरा — दुसरा थांबत नव्हता.

मी हाक मारली होती? आठवत नाही.

१८ जानेवारी

माझ्या खोलीत. माझ्या खोलीतला दिवा गेला. खट माझ्या दाराशी. फोनवर: प्रतिसाद देत नाही. दाबत राहिलो. नाही. नाही.

किती वेळा दाबलं ते मोजलं नाही. नोंदीत असेल. बघायचं धाडस —

उद्या सांगणार. तोंडाने. त्याच्या तोंडाकडे बघून.

१९ जानेवारी, दुपार

भाचा निघाला. सातपर्यंत पोहोचेल. फोनवर सांगू लागलो. म्हटलं, ऐक, त्या दिवशी — तर तो म्हणाला, मामा, तुम्ही नका मनाला लावून घेऊ, तुम्ही किती केलंत तिचं. आणि मी म्हटलं, सांभाळून ये. आजही सांगितलं नाही.

म्हणून ही वही. आक्काच्या पलंगावर उघडी ठेवतो. चौदा, पंधरा, सोळा ही पानं दुमडली आहेत. बाळा, ती आधी वाच. भिंत उघडू नकोस.

चष्म्याची टेप काढली. नव्या बटणावर लावली, आडवी, होती तशी. तू आल्या आल्या दिसावी. काडी गळून पडली. एका काडीवर चष्मा टिकत नाही, घसरतो, लांबचं सगळं पुसट आहे.

सहा पंचवीस. तिच्या पलंगावर बसलोय. दिवा चालू आहे. रिमोट हातात. पळवाट नको म्हणून फोन हॉलमध्येच ठेवला. पलंगापासून दारापर्यंत सात पावलं. मधे टेबल. तिलाही एवढंच अंतर होतं.

सहा पस्तीस. टेप जागेवर आहे.

सदतीस.

चपला. माझ्या चपला इथे पलंगाखाली आहेत. चपला पॅसेजमध्ये —

नदी नद्यौ — इथे, खोलीत. उशाशी पाण्याचं भांडं ठेवल्याचा आवाज. भांडं नाही.

तो दाराकडे जातोय. मी हाक मारली. अरे, थांब. बटण नको. त्याला ऐकू —

खट

टेप फाटल्याचा आवाज आधी आला. मग खट.

अंधारात लिहितोय. ओळी एकमेकींवर चढत असतील. दाबलं. दाबलं. नाही. हाक मारली, दिवा गेला बघ. हॉलमधून म्हणाला —

“आलोच गं.”

माझ्याच आवाजात. किती सहज म्हणतो. किती गोड

दाबतोय. अकरा. बारा. ती एवढी वाट बघत होती. येईल असं वाटतं. खरंच वाटतं की येईल

सोळा

हॉलमध्ये फोन. भाचा असणार, खाली आला असेल. थांब, बाळा, दार — वाजतोय. बंद होईल. मग त्याला वाटेल परत काहीतरी —

अठरा

एकोणीस. आता कळलं ती का उठली.

सातच पावलं. वही हातात आहे. टेबल डावीकडे — ती इथेच — नाही, हात भिंतीला लावून — काही दिसत नाही — बाळा, बटण मी, तुझा दिवा चांग